खातेवहीत न मांडलेलं कर्ज

गेली २२ वर्षं मी पतसंस्थांच्या कामात आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका संस्थेत क्लार्क म्हणून लागले, नंतर वसुलीला होते, आणि आता गावोगावच्या संस्थांत जाऊन कर्मचाऱ्यांना शिकवते. तारण, जामीनदार, थकबाकी, वसुलीचं कलम १०१ हे सगळं पुस्तकातून शिकवता येतं. पण टेबलापलीकडच्या खुर्चीत मावसभाऊ येऊन बसला की काय करायचं, हे कुठल्याच पुस्तकात नाही. फिलिपिन्समध्ये नातीगोती, मानपान आणि भीड आपल्यासारखीच आहे, आणि तरीही तिथल्या कित्येक सहकारी संस्था पिढ्यान् पिढ्या तगून आहेत, असं वाचलं होतं. ते डोळ्यांनी बघावं म्हणून सात दिवसांसाठी गेले. ऑक्टोबर हा तिकडचा सहकार महिना.

दिवस पहिला : मनिला

विमानतळावर मला घ्यायला एका सहकारी महासंघातल्या प्रशिक्षिका आल्या होत्या. वय साठीच्या अलीकडे, केस बारीक कापलेले, खांद्याला कापडी पिशवी. "मला आते म्हणा," त्या म्हणाल्या. आते म्हणजे थोरली बहीण. आमच्या घरी वडिलांच्या बहिणीला हाक मारताना 'आते' म्हणतात, हे मी सांगितलं, तर त्यांनी माझा हात धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी हट्टानं जीपनीत, म्हणजे तिथल्या वडापसारख्या गाडीत बसले. मागून चढायचं, समोरासमोर दोन लांब बाकं, कंडक्टर नाही. भाडं द्यायचं तर शेजाऱ्याच्या हातात नाणी ठेवायची आणि म्हणायचं, "बायाद पो." 'पो' म्हणजे आदरार्थी शेपूट, आपल्या 'जी'सारखं. नाणी एका तळहातावरून दुसऱ्या तळहातावर सरकत ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे पैसे त्याच वाटेनं माघारी येतात. मधले सहा जण अनोळखी. माझे सात पेसो परत आले तेव्हा शेवटच्या बाईनं ते माझ्या तळहातावर ठेवून वर बोटं मिटवून दिली.

आते म्हणाल्या, "आमचं सगळं काम या हातांवर चालतं. घोटाळाही इथूनच सुरू होतो." तेव्हा मला त्याचा अर्थ पुरता लागला नाही.

रात्री जेवताना त्यांनी संकोचत एक गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी मूल रडायला लागलं की आई म्हणायची, गप्प बस, नाहीतर 'बुम्बाय' येऊन घेऊन जाईल. बुम्बाय म्हणजे बॉम्बेवाला, मोटारसायकलवरून दारोदार फिरून रोकड कर्ज देणारा भारतीय माणूस. यातले बहुतेक जण मूळचे पंजाबचे, पण नाव पडलं मुंबईचं. त्यांच्या कर्जाला 'फाइव्ह-सिक्स' म्हणतात. पाच घ्यायचे, सहा परत करायचे, आणि तेही रोजच्या रोज थोडे थोडे. २०१७ साली राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी या सावकारीविरुद्ध कारवाईची भाषा केली होती. तरी बाजारातली भाजीवाली आजही त्याची वाट बघते, कारण तो कागद मागत नाही आणि दारात येतो. मी मुंबईच्याच राज्यातून आले होते आणि काम करत होते त्याच्या नेमक्या उलट बाजूचं. त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

दिवस दुसरा : केसोन सिटी

सकाळी एका बचत आणि कर्ज सहकारी संस्थेत सभासदत्वपूर्व शिबिराला बसले. हे शिबिर केल्याशिवाय तिथं सभासद होता येत नाही. आपल्याकडे शेअर्सचे पैसे भरून फॉर्मवर सही केली की माणूस सभासद होतो, आणि सहकार म्हणजे काय हे त्याला पहिली नोटीस हातात पडली की कळतं. तिथं आधी प्रार्थना, मग राष्ट्रगीत, मग प्रतिज्ञा, आणि मग अर्धा दिवस शिकवणी. शेअर भांडवल कुणाचं, नफ्यातलं किती गंगाजळीत जातं (किमान १० टक्के), समाजविकास निधीत किती (किमान ३ टक्के), आणि उरलेल्यातून शेअर्सवर व्याज आणि व्यवहाराच्या प्रमाणात परतावा कसा मिळतो, हे सगळं फळ्यावर मांडून दाखवतात.

शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, तुम्ही इथं का आलात? फळं विकणारी एक बाई उभी राहिली. "माझ्या कुमारेनं सांगितलं. तिला नाही म्हणायला मला हिया वाटली." कुमारे म्हणजे तिच्या मुलाची धर्ममाता. बाप्तिस्म्यानं जोडलेलं नातं, आणि रक्ताच्या नात्याइतकंच घट्ट. 'हिया' या शब्दाला इंग्रजीत लोक लाज म्हणतात, पण ते अपुरं आहे. आपल्याकडे "जनाची नाही तर मनाची तरी" म्हणतो ना, त्यातल्या जनाची आणि मनाची अशा दोन्ही लाजा मिळून हिया होते. ज्याला हिया नाही तो माणूसच नव्हे, असं ते मानतात. 'वालांग हिया' ही तिथली जहरी शिवी.

शिबिर संपल्यावर व्यवस्थापकांनी मला ऑफिस दाखवलं. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला मेरिएंदा, म्हणजे मधला खाऊ. केळीच्या पानातला चिकट भाताचा सुमान आला. कुणीही एकट्यानं डबा उघडला नाही. जो खायला बसतो तो आधी सगळ्यांना "काइन तायो" अशी हाक देतो, म्हणजे चला, जेवू या. शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सगळे एकमेकांना कुया, म्हणजे दादा, नाहीतर आते. चूक झाली तर चारचौघांत बोलत नाहीत. बाजूला घेऊन, आधी घरची विचारपूस करून मग बोलतात. आणि "नाही" हा शब्द दिवसभरात मला एकदाही ऐकू आला नाही. "सुसुबुकान को पो" म्हणतात, म्हणजे प्रयत्न करतो. आपल्या "बघू की"सारखं. बघू की म्हटल्यावर काय समजायचं ते आपल्याला कळतं, त्यांनाही कळतं.

यालाच 'पाकिकिसामा' म्हणतात: सगळ्यांबरोबर जमवून घेणं, वितुष्ट येऊ न देणं. दुपारी आते मला कातिपुनान रस्त्यावरून घेऊन गेल्या. याच भागात दोन विद्यापीठं आहेत आणि दोघांचं या शब्दावरून जुनं भांडण आहे. अतेनेओ विद्यापीठातले जेझुइट समाजशास्त्रज्ञ फ्रँक लिंच यांनी १९६० च्या दशकात मांडलं की सुरळीत परस्परसंबंध ही फिलिपिनो माणसाची मोठी ओढ आहे; तो कटुता टाळतो, मध्यस्थ घालतो, गोड बोलतो. जवळच्या फिलिपिन्स विद्यापीठातल्या व्हिर्जिलिओ एन्रिकेझ यांना हे पटलं नाही. ते म्हणाले, हे वरवरचं झालं, परदेशी डोळ्यांना दिसणारं. मुळाशी आहे तो 'काप्वा'. या शब्दाचं भाषांतर 'दुसरा' असं करतात, पण काप्वामध्ये मी आणि तू असे वेगळे नसतातच; समोरचा माणूस हा माझाच वाटा असतो.

मला एन्रिकेझ जवळचे वाटले. जमवून घेणं हे भीतीपोटीही होतं. समोरच्यात स्वतःला बघणारा माणूस मात्र त्याला खरं सांगूही शकतो. हे माझं मत त्या दिवशी नुसतं पुस्तकी होतं.

दिवस तिसरा : अजून मनिला

आजचा दिवस थोडक्यात. जीपनीवाल्यांच्या एका सहकारी संस्थेत गेलो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या वाहन आधुनिकीकरण योजनेत सरकारनं सुट्या जीपनीवाल्यांना सहकारी संस्थेत किंवा कंपनीत एकत्र यायला लावलं. मुदती वाढत वाढत ३० एप्रिल २०२४ पर्यंत गेल्या, मधे संप झाले. एक वयस्क ड्रायव्हर म्हणाला, "संस्था आहे. माझ्या परवान्यासाठी आहे." त्यानं अध्यक्षांचं नाव आठवून बघितलं, आठवलं नाही.

परतताना आते जुना इतिहास सांगत होत्या. १९५२ नंतर सरकारी पैशावर शेतकऱ्यांच्या पत आणि पणन संस्था उभ्या केल्या. कर्ज म्हणजे सरकारनं दिलेली भेट, असं लोकांनी धरलं आणि वसुली बुडाली. १९७३ मध्ये मार्शल लॉच्या काळात राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी गावोगाव 'सामाहांग नायोन' नावाच्या गावसंघटना काढल्या. त्यातल्या बऱ्याचशा कागदावरच राहिल्या. मात्र त्यातल्याच काही पुढे लोकांनी आपल्या म्हणून वाढवल्या. "सरकारचं देणं कुणाच्या मनाला लागत नाही," आते म्हणाल्या. "सरकारला चेहरा नसतो. हिया चेहऱ्यापुढे वाटते." आमच्याकडच्या कर्जमाफीच्या वर्षांतली वसुली मला आठवली. मी फक्त मान हलवली.

दिवस चौथा आणि पाचवा : नुएवा एसिहा

मनिलाच्या उत्तरेला सपाट भातशेतीचा मुलूख लागतो. मुन्योज शहरात कॅराबाओ केंद्र आहे. १९९२ च्या कायद्यानं ते स्थापन झालं. कॅराबाओ म्हणजे त्यांची दलदलीत राबणारी म्हैस. शिंगं मागे पसरलेली, अंग दगडासारखं. तिचं दूध दिवसाला लिटर-दीड लिटर. म्हणून केंद्रानं बाहेरून मुऱ्हा आणल्या, पहिल्या मोठ्या खेपा बल्गेरियातून. मुऱ्हा म्हणजे आपल्या हरयाणाची म्हैस, बल्गेरियाला जाऊन तिथून इथं आलेली. गोठ्यात वळलेल्या शिंगांची ती काळीभोर जात दिसली आणि माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी तिच्या कपाळावर हात ठेवला, तर तिथला कुया हसून म्हणाला, "ओळखते तुम्हाला."

म्हैस देण्याची पद्धत म्हणजे 'पाइवी'. म्हैस पाळायला द्यायची, आणि परतफेड पैशात नाही तर वासरात घ्यायची. आपल्याकडे शेळी किंवा कालवड अर्धलीनं पाळायला देतात, त्याच नात्यातलं. त्या वासरामुळे पुढच्या शेतकऱ्याच्या दारात म्हैस बांधली जाते. त्यामुळे परतफेड न करणाऱ्याला माहीत असतं की त्यानं संस्थेचं नाही, पलीकडच्या आळीतल्या अमुक माणसाचं वासरू अडवून ठेवलंय. मला वाटतं, कर्जाला चेहरा देण्याची याहून चांगली युक्ती मी पाहिलेली नाही.

त्या भागातल्या एका लहान दूध संस्थेत आम्ही दोन दिवस राहिलो. पहाटे पाचला संकलन. किटल्या, पांढरी चाळणी, डिग्री बघायची काचेची नळी, वहीत फॅट. डोळे मिटले असते तर मी वाळव्यात आहे असं वाटलं असतं. तिथंच हिशेबनीस कुयानं मला एक प्रसंग सांगितला.

काही वर्षांपूर्वी दूध तपासायला गावातलीच एक तरुण मुलगी होती. एका सभासदाचं दूध पातळ लागायला लागलं. तो सभासद तिचा निनोंग, तिच्या बाप्तिस्म्याचा धर्मपिता. तिच्या कॉलेजची फी एका वर्षी त्यानं भरली होती. ती तीन दिवस काही बोलली नाही, डिग्री बरोबर असल्याचं वहीत लिहीत राहिली. चौथ्या दिवशी खरेदीदारानं गावाचं अख्खं दूध परत पाठवलं. ५०-६० घरांचं दूध गटारात गेलं.

हे जे तिच्या गळ्यात अडकलं त्याला नाव आहे 'ऊतांग ना लोओब'. ऊतांग म्हणजे कर्ज, लोओब म्हणजे आतलं, अंतःकरण. अंतःकरणाचं कर्ज. कुणी अडचणीत हात दिला, तर ते फिटत नाही; फेडत राहायचं असतं. मराठीत आपण ऋण म्हणतो तेव्हा ते सुंदर असतं, आणि मिंधेपणा म्हणतो तेव्हा तेच गळ्याला फास लावतं. त्यांच्या एका शब्दात दोन्ही आहेत.

"मग मुलीला काढलं?" मी विचारलं.

"नाही. काढलं असतं तर गावानं तिला निर्लज्ज म्हटलं असतं किंवा त्याला, आणि कुणीतरी एक संस्था सोडून गेलं असतं." त्यांनी तिची बदली हिशेबाकडे केली आणि तपासणीला शेजारच्या बारांगायमधला, म्हणजे पलीकडच्या गावचा मुलगा घेतला. प्रत्येकाच्या दुधाचा आकडा तो माणसासमोर त्याच्याच पासबुकात लिहितो आणि फलकावर संपूर्ण दिवसाचा एकच आकडा लावतो, गावाच्या दुधाचा. सरासरी घसरली की ती सगळ्यांना दिसते. कुणामुळे घसरली हे फक्त त्या एकाला कळतं. निनोंगचं दूध आठवडाभरात सुधारलं, आणि त्याला कुणी एक शब्दही विचारला नाही.

मी म्हटलं, हे चांगलंच आहे, पण यात त्या मुलीला "नाही" म्हणायला कुठं शिकवलं? नियम असा केला की बोलायची वेळच येऊ नये. उद्या नियमात न बसणारं काही आलं तर? आते बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ज्याला बोलायचं बळ नाही त्याच्यावर सगळ्या गावाचं दूध का टाकायचं? बळ हळूहळू येतं. दूध रोज येतं."

दुसऱ्या दिवशी रात्री वीज गेली. ओसरीवर मेणबत्ती, भिंतीवर पाल 'तुको, तुको' ओरडत होती. काय झालं कुणास ठाऊक, मी त्या दोघांना जे सांगितलं ते नोकरीतल्या कुणालाही आजवर सांगितलेलं नाही.

माझे वडील गेले तेव्हा मी १९ वर्षांची होते. आमच्या पतसंस्थेच्या अध्यक्षांनी दुसऱ्याच महिन्यात मला कामाला लावून घेतलं. घर त्यावर चाललं, भावाचं शिक्षण झालं. चार वर्षांनी त्यांच्या पुतण्याचं कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आलं. तारण दिलेल्या जमिनीवर आधीच दुसऱ्या बँकेचा बोजा होता. सातबारा माझ्या हातात होता, मला दिसत होतं. अध्यक्ष येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "झालं का पोरी?" मी फाइल पुढे सरकवली. तीन वर्षांत संस्था अडचणीत आली, ठेवी अडकल्या. आमच्या गल्लीत एक आजी होत्या, शेणी थापून विकायच्या. त्यांची ४० हजारांची ठेव होती. त्या मला भेटल्या की रागावत नसत. "तुझ्या हातात काय होतं गं," म्हणत. माझ्या हातात होतं. त्या गेल्या तेव्हा पैसे मिळालेले नव्हते.

"भीड भिकेची बहीण" ही म्हण मी शिबिरात नेहमी सांगते. भिकेला लागलं ते कोण, हे कधी सांगितलं नव्हतं.

कुयानं मेणबत्ती जरा माझ्याकडून बाजूला सरकवली, माझा चेहरा अंधारात राहावा म्हणून. आते म्हणाल्या, "तुमचं कर्ज खरं होतं. फक्त ते तुम्ही ज्याला फेडलंत, त्यानं दिलेलंच नव्हतं. पगार आजींच्या ठेवीतून होत होता."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं नाही. गरज नव्हती.

दिवस सहावा : ला त्रिनिदाद

पहाटे निघून दुपारपर्यंत डोंगरात. बागियो शहर सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे, अमेरिकनांनी थंड हवेसाठी वसवलेलं. पाइनची झाडं, धुकं, महाबळेश्वराची आठवण. शेजारीच ला त्रिनिदादचं खोरं, आणि तिथंही स्ट्रॉबेरी! पण मी आले होते कोबी-बटाट्यासाठी. मनिलाला जाणारा भाजीपाला बराचसा या बेंगेत प्रांतातून जातो. भाजीच्या बाजारात ट्रकांच्या रांगा, पाठीवर करंड्या घेतलेली माणसं.

इथल्या एका पणन संस्थेचं रडगाणं मला पाठ असलेलं निघालं: संस्था किलोमागं दर जास्त देते, तरी सभासद माल व्यापाऱ्याला घालतो. या व्यापाऱ्याला म्हणतात 'सूकी'. गंमत म्हणजे व्यापाऱ्यासाठी शेतकरीही सूकीच. शब्द दोन्ही बाजूंना एकच. बी-खताची उचल तो देतो, माल त्यालाच जायचा.

गाजर धुणाऱ्या एका शेतकऱ्याला विचारलं, संस्थेला का नाही घालत? त्यानं हात पुसले, टोपी काढली आणि शांतपणे सांगितलं, "बायकोला रात्री दोनला दवाखान्यात न्यायचं होतं. सूकीनं गल्ला उघडला. संस्था सकाळी आठला उघडते."

सहकारावरची कितीतरी भाषणं मी ऐकली आहेत, केली आहेत. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या संस्थेनं मात्र काहीतरी शोधलं आहे. प्रत्येक वाडीत दोन सभासदांकडे छोटी रक्कम ठेवलेली असते. रात्री कुणाला लागली तर वहीत सही, बाकीचं सकाळी. शिवाय 'दामायान' म्हणजे दुःखात वाटेकरी होण्याचा निधी: घरात कुणी गेलं की सगळ्यांचे थोडे थोडे पैसे त्याच दिवशी दारात. या डोंगरातल्या लोकांत शेतावर आळीपाळीनं एकमेकांच्या कामाला जायची 'उब-उब्बो' नावाची रीत जुनी आहे. आपली सावड, वारंगुळा, इर्जिक तीच. संस्थेच्या व्यवस्थापिका म्हणाल्या, "सूकीशी भांडून उपयोग नाही. त्यानं रात्री दोनला जे केलं ते आपण करायला लागलो की माल आपोआप येतो." अजून सगळा येत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

त्यांच्या तोंडी एक शब्द सारखा येत होता, 'मालासाकित'. कामावर माणूस घेताना त्या पदवीच्या आधी हे बघतात. 'साकित' म्हणजे दुखणं. दुसऱ्याचं, किंवा संस्थेचं, स्वतःला दुखणं म्हणजे मालासाकित. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे याला कळकळ म्हणतात, आणि त्यातही कळ आहे. आतेंनी तो शब्द चार वेळा म्हणून घेतला. त्यांना ळ काही केल्या येईना, पण सोडला नाही.

दिवस सातवा : बागियो

पाऊस. शेवटच्या दिवशी एका मोठ्या पतसंस्थेच्या शाखेत कर्ज समितीची बैठक बघायची परवानगी मिळाली होती. बैठकीआधी शाखेच्या व्यवस्थापिकेनं मला त्यांच्या कायद्यातल्या तरतुदी दाखवल्या. सध्याचा सहकार कायदा २००८ चा. लेखापरीक्षण, निवडणूक, नैतिकता, आणि समेट-मध्यस्थी यांच्या समित्या संस्थेत असाव्याच लागतात. नात्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंतचे (म्हणजे काका-पुतण्यापर्यंतचे) दोघं एकाच मंडळावर बसू शकत नाहीत. तंटा झाला तर आधी संस्थेतच मध्यस्थ बसतो. वाचताना माझ्या लक्षात आलं, हा कायदा माणसं ओळखून लिहिलाय. तोंडावर बोलता येत नाही ना, मग मध्यस्थ घ्या. नातं तुटत नाही ना, मग खुर्ची सोडा.

पूर्वी इथं थकबाकीदारांची नावं फलकावर लावत. हियावरच बोट ठेवायचं. पैसे काही आले, पण माणसं सभेला यायची थांबली, लग्नाकार्यात तोंड चुकवायला लागली, आणि ज्यांची नावं लागली त्यांच्या मुलांनी दुसरीकडे खाती उघडली. पुढे २०१२ च्या माहिती-गोपनीयता कायद्यानं अशा यादीवर बंधनच आलं. आता वसुलीला दोघं जातात, एकटा कुणी नाही. हातात खायचं काहीतरी नेतात, घरात बसतात, आधी आजारपण विचारतात. पत्रावर कुणा एकाची सही नसते, समितीची असते. "लाजवलं की माणूस पळतो," व्यवस्थापिका म्हणाल्या. "लाज राखली की परत येतो." सगळे येतात का? नाही. मीही वसुली केली आहे, सगळे येत नाहीत.

तिथंच चहा पिताना एका संचालकानं खेकड्यांची गोष्ट सांगितली: टोपलीतला एक वर चढला की बाकीचे त्याला खाली ओढतात, आम्ही फिलिपिनो असेच. मी म्हटलं, ही गोष्ट आम्ही मराठी माणसं स्वतःबद्दल सांगतो. तो थोडा नाराज झाल्यासारखा वाटला, आपली गोष्ट दुसऱ्याच्या घरी सापडल्यासारखा.

बैठक सुरू झाली. पाच प्रकरणं झाली. सहावं नाव पुकारलं आणि व्यवस्थापिका उठल्या, वही मिटली, कुणाला काही न सांगता खोलीबाहेर गेल्या. मला खूण केली. मी मागोमाग गेले. व्हरांड्यात वाऱ्यानं पाऊस आत येत होता.

"माझी सख्खी धाकटी बहीण," त्या म्हणाल्या. "दुकानासाठी दोन लाख पेसो मागितलेत."

"मिळतील?"

"मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. तिच्यानं फेड होणार नाही. पण ते तिला माझ्या तोंडून कळायला नको. आणि मी आत बसले असते तर तिला नाही म्हणायला या पाच जणांना हिया वाटली असती."

"आणि त्यांनी तुमच्याकडे बघून दिलेच तर?"

"म्हणून तर बाहेर आहे."

आम्ही दोघी उभ्या राहिलो. त्यांनी शालीचं एक टोक माझ्या खांद्यावर टाकलं. काचेतून आतली माणसं बोलताना दिसत होती, ऐकू येत नव्हतं. आठ-दहा मिनिटं असतील. मला त्या वेळी आमच्या जुन्या ऑफिसमधलं ते टेबल दिसत होतं, फाइल, सातबारा, आणि खोलीबाहेर जाण्याची जागाच नसलेली मी.

दार उघडलं. समितीतल्या वयस्क गृहस्थांनी बाहेर डोकावून बोटांनी खूण केली, साठ. साठ हजार, आणि ते फेडले की पुढचं बघू. व्यवस्थापिकांनी मान डोलावली.

बहीण खाली बाकावर बसली होती. तिला निरोप समितीच्याच बाईनं दिला. ती रडली नाही, पण छत्री उघडायचा तिनं तीनदा प्रयत्न केला आणि ती उघडली नाही. मोठी बहीण जिन्यावरून खाली आली, तिच्या हातातून छत्री घेतली, उघडून दिली, आणि कर्जाबद्दल अवाक्षर न काढता म्हणाली, "मांगान तायोन." इलोकानो भाषेत, चल, जेवू या.

आम्ही चौघी समोरच्या खानावळीत गेलो. गरम भाताचं पातेलं आलं. मोठीनं पहिला डाव धाकटीच्या ताटात वाढला, दुसरा माझ्या.